पत्ते मांडून शिकावी अशी आवर्तसारणी

आवर्तसारणी पाठ करण्याचे मार्ग पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी बहुतेक निरुपयोगी आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आद्याक्षरे जुळवून केलेली वाक्ये परीक्षेपर्यंत टिकतात. पण पोटॅशिअम सोडिअमच्या खाली का आणि आर्गॉन पोटॅशिअमच्या आधी का, या प्रश्नांना त्या वाक्यांकडे उत्तर नसते. या लेखात दुसरी रीत दिली आहे. कागदाची पत्रे करून सारणी स्वतःच्या हाताने जमिनीवर मांडायची, ती मांडताना ज्या अडचणी एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांना आल्या त्याच आपल्याला येऊ द्यायच्या, आणि प्रत्येक अडचणीच्या वेळी त्यांनी काय केले ते समजून घ्यायचे. यासाठी साधारण तीन तास, एक सतरंजी आणि जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग एवढे साहित्य पुरते. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात दोन-तीन तासिकांमध्ये विभागून घेता येईल, आणि दहावीच्या विद्यार्थ्याला तो घरी एकट्यानेही करता येईल.

रशियन रसायनशास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्हने १८६९ साली मूलद्रव्यांची नावे पत्रांवर लिहून ती पत्त्यांच्या डावासारखी मांडली, अशी कथा प्रसिद्ध आहे. ती पत्रे आज उपलब्ध नाहीत आणि काही इतिहासकार या कथेविषयी शंका घेतात. तरीही त्याच्यासमोरचे कोडे समजून घ्यायला पत्र्यांइतके सोयीचे साधन नाही.

पत्रे तयार करणे

एकूण ४७ पत्रे लागतील. आज ११८ मूलद्रव्ये ज्ञात आहेत आणि १८६९ मध्ये ६३ ज्ञात होती. त्या ६३ पैकी बेरिअमपर्यंतची ४७ आपल्याला पुरेशी आहेत, कारण त्यापुढची गुंतागुंत सुरुवातीलाच नको. प्रत्येक पत्र्यावर नाव आणि अणुवस्तुमान लिहावे. अणुअंक, म्हणजे सारणीतला मूलद्रव्याचा क्रमांक, मात्र मुळीच लिहू नये. तो लिहिला की कोडेच संपते, आणि १८६९ मध्ये तो कोणालाही माहीत नव्हता.

पत्रे अशी: हायड्रोजन १, लिथिअम ७, बेरिलिअम ९, बोरॉन ११, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, फ्लुओरिन १९, सोडिअम २३, मॅग्नेशिअम २४, ॲल्युमिनिअम २७, सिलिकॉन २८, फॉस्फरस ३१, गंधक ३२, क्लोरिन ३५.५, पोटॅशिअम ३९, कॅल्शिअम ४०, टायटॅनिअम ४८, व्हॅनेडिअम ५१, क्रोमिअम ५२, मँगनीज ५५, लोखंड ५६, निकेल ५८.७, कोबाल्ट ५८.९, तांबे ६३.५, जस्त ६५.४, आर्सेनिक ७५, सेलेनिअम ७९, ब्रोमिन ८०, रुबिडिअम ८५.५, स्ट्राँशिअम ८७.६, यिट्रिअम ८९, झिर्कोनिअम ९१, नायोबिअम ९३, मॉलिब्डेनम ९६, रुथेनिअम १०१, ऱ्होडिअम १०३, पॅलेडिअम १०६.४, चांदी १०८, कॅडमिअम ११२.४, इंडिअम ११५, कथील ११८.७, अँटिमनी १२१.८, आयोडिन १२६.९, टेल्युरिअम १२७.६, सीझिअम १३३ आणि बेरिअम १३७.

पत्र्याच्या खालच्या कोपऱ्यात आणखी एक अंक लिहायचा आहे आणि पुढचा सगळा खेळ त्याच्यावर चालतो. मूलद्रव्याचे दोन अणू ऑक्सिजनच्या जास्तीत जास्त किती अणूंशी संयोग पावतात, तो हा अंक. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम, रुबिडिअम, सीझिअम, तांबे आणि चांदी यांच्या पत्र्यांवर १ लिहावा. तांब्याचा काळा ऑक्साइडही असतो, पण येथे लाल ऑक्साइड धरावा. बेरिलिअम, मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, जस्त, स्ट्राँशिअम, कॅडमिअम आणि बेरिअम यांच्यावर २. बोरॉन, ॲल्युमिनिअम, यिट्रिअम आणि इंडिअम यांच्यावर ३. कार्बन, सिलिकॉन, टायटॅनिअम, झिर्कोनिअम आणि कथील यांच्यावर ४. नायट्रोजन, फॉस्फरस, व्हॅनेडिअम, आर्सेनिक, नायोबिअम आणि अँटिमनी यांच्यावर ५. गंधक, क्रोमिअम, सेलेनिअम, मॉलिब्डेनम आणि टेल्युरिअम यांच्यावर ६. क्लोरिन आणि मँगनीज यांच्यावर ७ लिहावा. उरलेल्या पत्र्यांचा कोपरा कोरा ठेवावा.

आज आपण ही वस्तुमाने बिनदिक्कत उतरवून घेतो, पण १८६० पूर्वी ते शक्य नव्हते. एकाच मूलद्रव्याला वेगवेगळे रसायनशास्त्रज्ञ वेगवेगळी अणुवस्तुमाने देत असत, कारण अणू आणि रेणू यांतला भेद सर्वमान्य नव्हता. सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे भरलेल्या परिषदेत इटलीच्या स्टॅनिस्लाओ कानिझारोने सारख्या तापमानाला आणि दाबाला वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, या ॲव्होगॅड्रोच्या गृहीतकाच्या आधारे अणुवस्तुमाने ठरवण्याची सुसंगत रीत मांडली. त्या परिषदेला तरुण मेंडेलीव्ह उपस्थित होता आणि पुढे त्याचा प्रतिस्पर्धी ठरलेला लोथर मायरही होता. आवर्तसारणीचा जन्म १८६९ चा मानला जातो, पण तिचा पाया कार्ल्सरूहला घातला गेला असे मी म्हणेन.

पहिली मांडणी: तीन-तीनचे गट

सर्व पत्रे पिसून सतरंजीवर पसरावीत आणि त्यांतून पोटॅशिअम, लिथिअम आणि सोडिअम उचलावेत. लिथिअम आणि पोटॅशिअम यांच्या वस्तुमानांची सरासरी काढली की २३ येते, म्हणजे नेमके सोडिअमचे वस्तुमान. हाच हिशेब क्लोरिन, ब्रोमिन आणि आयोडिन यांच्यासाठी केला तर ८१.२ येतात, ब्रोमिन ८० आहे. कॅल्शिअम, स्ट्राँशिअम आणि बेरिअम यांच्यासाठी सरासरी ८८.५ येते, स्ट्राँशिअम ८७.६ आहे. येना येथील योहान डोबरायनरने ही गोष्ट १८१७ पासून ध्यानात घेतली आणि १८२९ मध्ये अशी त्रिके प्रसिद्ध केली.

आता आणखी त्रिके शोधण्याचा प्रयत्न करावा. थोडी सापडतात आणि मग शोध थांबतो, कारण पुष्कळ पत्रे कोणत्याच त्रिकात बसत नाहीत. हा अनुभव विद्यार्थ्याला अवश्य घेऊ द्यावा. त्रिकांमुळे एवढे कळते की सारखे गुणधर्म आणि वस्तुमान यांत काही नाते आहे. ते नाते सगळ्या मूलद्रव्यांना कवेत घेणारे आहे, हे मात्र त्रिकांमधून दिसत नाही.

दुसरी मांडणी: एक रांग आणि तिचे तुकडे

हायड्रोजनचे पत्र बाजूला ठेवावे. त्याच्याकडे शेवटी येऊ. बाकीची पत्रे वस्तुमानाच्या चढत्या क्रमाने एका लांब रांगेत लावावीत आणि कोपऱ्यातले अंक मोठ्याने वाचावेत. लिथिअमपासून एक, दोन, तीन, चार, पाच असे अंक येतात, ऑक्सिजन आणि फ्लुओरिन यांची कोऱ्या कोपऱ्याची दोन पत्रे येतात, आणि सोडिअमपाशी पुन्हा एक, दोन, तीन सुरू होऊन क्लोरिनपाशी सात येतात. जेथे अंक पुन्हा एकपासून सुरू होतो तेथे रांग तोडावी आणि नवा तुकडा आधीच्या तुकड्याच्या खाली ठेवावा. लिथिअमखाली सोडिअम, बेरिलिअमखाली मॅग्नेशिअम आणि फ्लुओरिनखाली क्लोरिन आपोआप येतो. आडव्या ओळीला आवर्त आणि उभ्या स्तंभाला गण म्हणतात, या व्याख्या आता सांगाव्यात, आधी सांगू नयेत.

येथपर्यंत लंडनचा जॉन न्यूलँड्सही पोहोचला होता. प्रत्येक आठव्या मूलद्रव्याचे गुण पहिल्यासारखे असतात, हे त्याने १८६५ मध्ये मांडले आणि त्याला अष्टकांचा नियम असे नाव दिले. आपल्या सप्तकात सा, रे, ग, म, प, ध, नी यांच्यानंतर जसा तारसप्तकातला सा येतो, तशीच ही कल्पना आहे. १ मार्च १८६६ रोजी लंडनच्या केमिकल सोसायटीत त्याने ती वाचून दाखवली तेव्हा जॉर्ज कॅरी फॉस्टर या सभासदाने विचारले की, मूलद्रव्ये वर्णानुक्रमे लावून पाहिलीत का? ही थट्टा अन्यायाची होती, आणि १८८७ मध्ये रॉयल सोसायटीने न्यूलँड्सला डेव्ही पदक देऊन काही प्रमाणात तिची भरपाई केली. तरीही न्यूलँड्सच्या मांडणीत एक खरा दोष होता आणि तो आता आपल्या सतरंजीवरच दिसणार आहे.

तिसऱ्या ओळीत पोटॅशिअम सोडिअमखाली आणि कॅल्शिअम मॅग्नेशिअमखाली बरोबर बसतात. पुढचे पत्र टायटॅनिअमचे आहे. रांगेच्या नियमाने ते ॲल्युमिनिअमखाली जायला हवे, पण त्याच्या कोपऱ्यात ४ आहे. येथे थांबावे आणि विद्यार्थ्याला विचारावे की आता काय करायचे. न्यूलँड्सने एकही जागा मोकळी न सोडता पुढचे मूलद्रव्य पुढच्या घरात बसवण्याचा मार्ग धरला, आणि त्यामुळे कोबाल्ट व निकेल हे धातू क्लोरिन आणि ब्रोमिन यांच्या पंक्तीत जाऊन बसले.

तिसरी मांडणी: मोकळी जागा

मेंडेलीव्हने दुसरा मार्ग धरला. सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात शिकवताना तो रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहीत होता. पहिला भाग क्लोरिनच्या कुळापर्यंत आला होता आणि दुसऱ्या भागाची सुरुवात सोडिअमच्या कुळाने झाली होती. पुढे कोणत्या क्रमाने जावे हा त्याचा प्रश्न होता. आपणही ही दोन कुळे शेजारी ठेवून पाहावीत: फ्लुओरिन १९ आणि सोडिअम २३, क्लोरिन ३५.५ आणि पोटॅशिअम ३९, ब्रोमिन ८० आणि रुबिडिअम ८५.५, आयोडिन १२७ आणि सीझिअम १३३. एकमेकांशी काहीही साम्य नसलेली ही दोन कुळे वस्तुमानाने मात्र प्रत्येक वेळी सख्ख्या शेजाऱ्यांसारखी लागून येतात. पहिली सारणी त्याने फेब्रुवारी १८६९ मध्ये छापली. ही तारीख त्या वेळच्या रशियन पंचांगाप्रमाणे आहे. आपल्या कॅलेंडरप्रमाणे तेव्हा मार्च लागला होता.

टायटॅनिअमचे पत्र कार्बन आणि सिलिकॉन यांच्या स्तंभात ठेवावे आणि त्याच्याआधीच्या मोकळ्या जागी कोरे पत्र ठेवावे. मग ओळ सुरळीत पुढे सरकते: व्हॅनेडिअम पाचव्या, क्रोमिअम सहाव्या आणि मँगनीज सातव्या स्तंभात बसते. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल ही तिन्ही पत्रे उजवीकडे आठव्या स्तंभात एकत्र ठेवावीत. मेंडेलीव्हनेही तसेच केले होते. तांबे आणि जस्त यांच्यापासून नवी ओळ सुरू होते. जस्तानंतर थेट आर्सेनिक येते आणि त्याचा अंक ५ आहे, म्हणून येथे दोन कोरी पत्रे ठेवावी लागतात. रुबिडिअमच्या ओळीत मॉलिब्डेनमनंतर, मँगनीजच्या खाली, आणखी एक जागा रिकामी राहते, आणि रुथेनिअम, ऱ्होडिअम व पॅलेडिअम आठव्या स्तंभात जातात. चांदीपासून पुढची ओळ सुरू होते. सीझिअम आणि बेरिअम येईपर्यंत सतरंजीवर चार कोरी पत्रे पडलेली असतात.

या चार कोऱ्या पत्र्यांवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. जस्त आणि आर्सेनिक यांच्यामधल्या दुसऱ्या पत्र्याचे गुणधर्म शेजाऱ्यांवरून काढायला सांगावे. वर सिलिकॉन २८ आणि खाली कथील ११८.७, म्हणून वस्तुमानाची सरासरी ७३.४. घनतेसाठी सिलिकॉनची २.३, कथलाची ७.३ आणि शेजारच्या आर्सेनिकची ५.७ घेतली तर सरासरी ५.१ येते. कोपऱ्यातला अंक चार असणार, म्हणजे ऑक्साइडमध्ये एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन अणू. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये या अज्ञात मूलद्रव्याचे वस्तुमान ७२ आणि घनता ५.५ असेल असे लिहून ठेवले. १८८६ मध्ये क्लेमेन्स विंकलरला जर्मनीत जर्मेनिअम सापडले. त्याचे वस्तुमान ७२.६ आणि घनता ५.३ आहे. शाळकरी विद्यार्थ्याने सरासरी काढून मिळवलेले आकडे खऱ्या आकड्यांच्या इतके जवळ येतात, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते कोणत्याही व्याख्येने उमटत नाही.

पहिले कोरे पत्र कॅल्शिअम ४० आणि टायटॅनिअम ४८ यांच्यामधले, म्हणून ४४ च्या आसपासचे. स्वीडनच्या लार्स निल्सनला १८७९ मध्ये सापडलेले स्कँडिअम ४५ आहे. जस्ताशेजारच्या जागेची कथा तर अधिकच रंजक आहे. फ्रान्सच्या लेकॉक द ब्वाबोद्राँने १८७५ मध्ये गॅलिअम शोधून त्याची घनता ४.७ दिली, तेव्हा ती ५.९ च्या जवळपास असली पाहिजे, असे मेंडेलीव्हने कळवले. नमुना शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर ती ५.९ भरली. ज्याने ते मूलद्रव्य कधी पाहिलेही नव्हते त्याचा अंदाज, ज्याच्या हातात ते होते त्याच्या मोजमापापेक्षा बरोबर ठरला.

या अज्ञात मूलद्रव्यांना मेंडेलीव्हने एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनिअम आणि एका-सिलिकॉन अशी नावे दिली होती. त्यांतला ‘एक’ हा संस्कृतातलाच आहे. त्याच गणातले एक घर पुढचे, असा त्याचा अर्थ. दोन घरे पुढच्यासाठी त्याने ‘द्वि’ वापरला. मँगनीजखालची चौथी जागा एका-मँगनीजची होती आणि ती सर्वांत जास्त काळ रिकामी राहिली, कारण ते मूलद्रव्य किरणोत्सारी असून पृथ्वीवर जवळजवळ आढळत नाही. १९३७ मध्ये इटलीत कार्लो पेरिए आणि एमिलिओ सेग्रे यांनी ते कृत्रिमरीत्या घडलेल्या स्वरूपात ओळखले, आणि ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव टेक्नेशिअम पडले.

मेंडेलीव्हची सगळीच भाकिते खरी ठरली नाहीत, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. त्याने वर्तवलेली काही मूलद्रव्ये अस्तित्वातच नाहीत. परंतु त्याने ज्ञात वस्तुमानांनाही प्रश्न विचारण्याचे धैर्य दाखवले, ही माझ्या मते भाकितांइतकीच मोठी गोष्ट आहे. इंडिअमचे वस्तुमान तेव्हा ७६ च्या आसपास धरले जाई. त्या जागी त्याला घर नव्हते. त्याच्या दोन अणूंमागे ऑक्सिजनचे तीन अणू असले पाहिजेत असे धरून मेंडेलीव्हने वस्तुमान ११३ केले आणि पत्र कथलाच्या शेजारी नेले. युरेनिअमचे वस्तुमान त्याने १२० चे २४० केले. आपण आज पत्र्यांवर लिहिलेले आकडे अशा दुरुस्त्यांतून आलेले आहेत.

दोन पत्र्यांची अदलाबदल

पन्नाशीतल्या वस्तुमानांची पत्रे आणि चांदीपासून सुरू होणारी ओळ आता नीट पाहावी. वस्तुमानाच्या क्रमाने आयोडिन आधी आणि टेल्युरिअम नंतर येते, म्हणजे आयोडिन गंधकाच्या स्तंभात आणि टेल्युरिअम क्लोरिनच्या स्तंभात जाते. आयोडिनचे गुण क्लोरिन व ब्रोमिन यांच्यासारखे आहेत यात शंका नाही, म्हणून ही दोन पत्रे बदलावीत. मेंडेलीव्हने तेच केले आणि टेल्युरिअमचे वस्तुमान चुकीचे मोजले गेले असावे असे मानले. अदलाबदल बरोबर होती. कारण मात्र चुकले होते. टेल्युरिअमचे वस्तुमान खरोखरच आयोडिनपेक्षा जास्त आहे. कोबाल्ट आणि निकेल यांच्या क्रमाचाही असाच पेच आहे.

याचा उलगडा ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोजली याने १९१३ मध्ये केला. निरनिराळ्या मूलद्रव्यांवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला असता निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता त्याने मोजली, आणि त्या वारंवारतेचे वर्गमूळ प्रत्येक घरागणिक ठरावीक टप्प्याने वाढते असे त्याला दिसले. हा टप्पा अणुकेंद्रकातील धनप्रभाराच्या एककांचा, म्हणजे अणुअंकाचा होता. कोबाल्ट २७ व निकेल २८, टेल्युरिअम ५२ व आयोडिन ५३, असा क्रम कोणत्याही ओढाताणीशिवाय लागला. वस्तुमानात केंद्रकातल्या न्यूट्रॉनांचाही वाटा असतो, म्हणून ते कधीकधी क्रम चुकवते. मोजली १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. तेव्हा तो फक्त २७ वर्षांचा होता. आता प्रत्येक पत्र्यावर लाल शाईने अणुअंक लिहावा: लिथिअम ३ पासून बेरिअम ५६ पर्यंत, कोऱ्या पत्र्यांनाही मोजून. मोजताना फ्लुओरिन ९ नंतर सोडिअमला १० येतील. तेथे विद्यार्थ्याला अडवावे, कारण त्याचा खरा अंक ११ आहे. एक पूर्ण स्तंभ अजून आपल्याकडे नाही.

राजवायूंची पाच पत्रे

हेलिअम २, निऑन १०, आर्गॉन १८, क्रिप्टॉन ३६ आणि झेनॉन ५४ अशी पाच पत्रे करून ती प्रत्येक हॅलोजन (फ्लुओरिन-क्लोरिनचे कुळ) आणि त्यानंतरचा अल्क धातू (लिथिअम-सोडिअमचे कुळ) यांच्यामध्ये सरकवावीत. हेलिअमची जागा लिथिअमच्या आधी. १८६९ मध्ये यांपैकी एकालाही सारणीत जागा नव्हती आणि मेंडेलीव्हने त्यांच्यासाठी कोरे पत्रही ठेवले नव्हते, कारण जे कोणाशीही संयोग पावत नाही त्याची चाहूल संयुगांवरून लागत नाही. हवेपासून मिळवलेला नायट्रोजन संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड का भरतो, या लॉर्ड रॅलेच्या प्रश्नातून विल्यम रॅम्झी आणि रॅले यांना १८९४ मध्ये आर्गॉन सापडला. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात तो जवळजवळ एक टक्का असतो. त्याचे वस्तुमान जवळजवळ ४०, म्हणजे पोटॅशिअमपेक्षा जास्त; मेंडेलीव्हला तो सुरुवातीला पटला नाही आणि तो तीन अणूंचा नायट्रोजन असावा असे त्याने सुचवले. १८९८ मध्ये रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन मिळवले, आणि मग एका नव्या स्तंभाची गरज टाळता येईना. हाच ट्रॅव्हर्स पुढे जमशेटजी टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा पहिला संचालक झाला.

हेलिअमविषयी महाराष्ट्रात एक गैरसमज रूढ आहे आणि तो दुरुस्त करणे मला आवश्यक वाटते. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलिअमचा शोध लावला, असे अनेकदा सांगितले जाते आणि तेथील चौथरे दाखवले जातात. १८ ऑगस्ट १८६८ च्या त्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटाचे निरीक्षण करणारा फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन आंध्रातील गुंटूर येथे होता. लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहणाविनाच, सूर्याच्या कडेच्या प्रकाशाचा वर्णपट पाहिला, आणि सोडिअमच्या रेषांजवळची पण त्यांच्याशी न जुळणारी पिवळी रेषा पुढे हेलिअमची ठरली. लॉकियर विजयदुर्गला आला हे खरे आहे, पण तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रॅम्झीने १८९५ मध्ये हेलिअम पृथ्वीवरच्या खनिजातूनही मिळवला होता. विजयदुर्गचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. फक्त तारीख तीस वर्षांनी पुढे न्यावी लागते.

लांब सारणी आणि तिचे कारण

आता शेवटची मोठी मांडामांड करायची आहे. पोटॅशिअमपासून निकेलपर्यंतची ओळ आणि तांब्यापासून ब्रोमिनपर्यंतची ओळ एकापुढे एक जोडून एकच ओळ करावी. कोरी पत्रे आणि क्रिप्टॉन धरून तिच्यात नेमकी १८ पत्रे होतात. रुबिडिअमच्या ओळीचेही तसेच करावे. वरच्या दोन छोट्या ओळी मध्ये तोडून लिथिअम-बेरिलिअम डाव्या टोकाला आणि बोरॉनपासून पुढचे उजव्या टोकाला न्यावे. आपल्यासमोर पुस्तकातली १८ गणांची आधुनिक सारणी तयार होते, आणि तांब्याला सोडिअमच्या कुळात बसवल्यामुळे आलेला अवघडलेपणाही जातो.

ओळींची लांबी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशी आहे. यांची बेरीज ११८ होते. ही लांबी इलेक्ट्रॉन कवचांत कोणत्या क्रमाने भरले जातात त्यावर ठरते, आणि अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन, म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन, एका स्तंभात सारखे असतात. आपण कोपऱ्यात लिहिलेला अंक खरे तर बहुतांशी त्यांचीच मोजणी करत होता. बत्तीसच्या ओळींतले चौदा-चौदा अंतर-संक्रामक घटक सारणीखाली वेगळे छापतात ते केवळ कागदाच्या रुंदीसाठी.

कुळे ओळखण्याची रीत

कुळ शिकताना पहिले पत्र आणि शेवटचे पत्र हातात घेऊन मध्ये काय बदलत गेले हे विचारावे. पहिल्या गणात, म्हणजे अल्क धातूंत, वितळणांक असे उतरतात: लिथिअम १८०.५, सोडिअम ९८, पोटॅशिअम ६३.५, रुबिडिअम ३९.३, सीझिअम २८.५ अंश सेल्सिअस. पुण्याच्या एप्रिलमधल्या दुपारी सीझिअम बंद नळीत पातळ झालेला असेल आणि नागपूरच्या मे महिन्यात रुबिडिअमही. बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जात राहतो, त्याच्यावरची पकड सैल होते, म्हणून पाण्याशी होणारी अभिक्रियाही खाली जावे तशी उग्र होते. सोडिअम रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात ते यामुळेच, आणि सोडिअम किंवा पोटॅशिअम पाण्यात टाकण्याचा प्रयोग घरी कोणीही करू नये. घरी करता येण्यासारखे एवढेच, की चिमटीभर मीठ गॅसच्या निळ्या ज्योतीवर मोठ्यांच्या देखरेखीखाली टाकावे. दिसणारा पिवळा रंग सोडिअमचा असतो. याच रीतीने बुन्सेन आणि किरखॉफ यांनी १८६० मध्ये निळ्या रेषांवरून सीझिअम आणि १८६१ मध्ये गडद लाल रेषांवरून रुबिडिअम ओळखले.

दुसऱ्या गणाची ओळख चुन्यापासून करून द्यावी. चुनखडी भाजून कळीचा चुना करणे आणि त्यावर पाणी घालून तो विरवणे ही कॅल्शिअमच्या रसायनाची जुनी प्रयोगशाळाच आहे. या कुळात खाली जाताना सल्फेटची विद्राव्यता घटते: मॅग्नेशिअम सल्फेट पाण्यात सहज विरघळते, बेरिअम सल्फेट जवळजवळ मुळीच नाही. विरघळणारी बेरिअमची संयुगे विषारी असूनही पोटाच्या क्ष-किरण तपासणीत बेरिअम सल्फेट पाजता येते, ते या अविद्राव्यतेमुळेच.

हॅलोजन कुळात अवस्थाच बदलत जाते. फ्लुओरिन आणि क्लोरिन वायू, ब्रोमिन लालसर तपकिरी द्रव आणि आयोडिन काळसर जांभळा स्थायू. यांना एक इलेक्ट्रॉन हवा असतो, म्हणून क्रियाशीलता अल्क धातूंच्या उलट, वरून खाली कमी होते. क्लोरिन ब्रोमाइडमधून ब्रोमिनला हुसकावतो, आयोडिनला ते जमत नाही. फ्लुओरिन इतका क्रियाशील की तो १८६९ च्या यादीत असूनही कोणी सुटा केलेला नव्हता. हेन्री म्वासाँने ते १८८६ मध्ये साधले.

राजवायूंना निष्क्रिय म्हणण्याची सवय १९६२ नंतर सोडायला हवी होती, कारण त्या वर्षी नील बार्टलेटने झेनॉनचे संयुग तयार केले.

मधल्या गणांना, तेराव्यापासून सोळाव्यापर्यंत, कुळापेक्षा उतरण म्हणून पाहावे. कार्बन अधातू, सिलिकॉन आणि जर्मेनिअम धातुसदृश, कथील आणि शिसे धातू. भांड्यांच्या कल्हईतले कथील आणि पेन्सिलीतला कार्बन एकाच स्तंभात आहेत, हे सांगितले की उतरण लक्षात राहते. संक्रामक धातू, म्हणजे लांब सारणीच्या मधल्या भागातले धातू, त्यांच्या संयुगांच्या रंगांवरून ओळखू येतात: मोरचूद निळा तो तांब्यामुळे, हिराकस हिरवट तो लोखंडामुळे, पोटॅशिअम परमँगनेट जांभळे ते मँगनीजमुळे. एकाच धातूची संयुजा बदलती असते आणि तिच्याबरोबर रंगही बदलतो. लॅन्थेनाइडांसाठी, म्हणजे सारणीखाली छापलेल्या पहिल्या ओळीतल्या मूलद्रव्यांसाठी, एकच गोष्ट पुरे: स्टॉकहोमजवळच्या इटर्बी या एका खेड्याच्या नावावरून यिट्रिअम, टर्बिअम, अर्बिअम आणि इटर्बिअम अशी चार मूलद्रव्यांची नावे पडली. यांपैकी शेवटचे तीन लॅन्थेनाइड आहेत.

सारणी एकदा जुळली की पत्रे जाड पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीवर लावता येतात. मात्र बाजूला ठेवलेले हायड्रोजनचे पत्र चिकटवू नये. त्याच्याकडे एकच इलेक्ट्रॉन असल्यामुळे ते लिथिअमच्या डोक्यावर ठेवतात. पण तो धातू नाही, वायू आहे, आणि बाहेरचे कवच भरायला त्याला एकच इलेक्ट्रॉन कमी पडतो, म्हणून फ्लुओरिनच्या डोक्यावरही त्याचा हक्क आहे. ते पत्र टाचणीने लावावे, आणि दोन्ही जागा विद्यार्थ्याकडून आळीपाळीने समर्थित करून घ्याव्यात.